कमानीखालची आखाजी

माणसाला करमणूक लागते आणि करमणुकीला मंजुरी लागते, ही गोष्ट आमच्या बोरटेक गावाला सन २०२२ पर्यंत ठाऊक नव्हती. त्याआधी गाव मंजुरीशिवायच हसत-खेळत होतं. (कधीपासून, याची नोंद उपलब्ध नाही. मी लग्न होऊन इथे आले ती १९६९ साली. तेव्हा हा प्रकार चांगला मुरलेला होता.)

बोरटेक म्हणजे म्हसावदच्या अलीकडे, पपई आणि उसाच्या मधोमध. गावाच्या पूर्वेला नाल्याकाठी एक माळ, आणि त्यावर चिंचा आणि कडुनिंब. आखाजीला, म्हणजे पंचांगातल्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. भाऊ सासरी जाऊन बहिणीला घेऊन येतो, त्याला मूळ म्हणतात. मग माळावरच्या झाडांना दोर बांधायचे, झोके घ्यायचे, गौराईची गाणी म्हणायची, आणि जे सासरी कुजबुजतही बोलता येत नाही ते झोक्यावरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलायचं. पुरुष त्या दिवशी झाडाखाली पत्ते कुटतात आणि काही ऐकू आलं नाही असं दाखवतात. चार दिवसांनी पोरी परत. वर्षभरात सुनेला मिळणारी ही एकच रजा अशी, जिला अर्ज लागत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही या झाडांचा पाला ओरबाडून गुरांना घातला. चिंचेचे चिंचोके भाजून खाल्ले. पण आडव्या फांद्यांना कोणी कुऱ्हाड लावली नाही. घरात सरपण नव्हतं, मी सासूबाईंना म्हटलं, एखादी फांदी आणू का? त्या म्हणाल्या, "आखाजीले पोरी काय वारावर बठतीन का?" सासूबाई अशिक्षित होत्या. त्यांना धोका म्हणजे काय ते कळत नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात 'हरित विरंगुळा व भूसंवर्धन योजना' आली. तिचे उद्देश दोन होते. पहिला, ग्रामीण जनतेने मोकळ्या जागेत यावं. दुसरा, मोकळी जागा जनतेपासून वाचवावी. दोन्ही उद्देश उत्तम आहेत. एकाच माळावर ते कसे साधायचे याबद्दल परिपत्रकात मार्गदर्शन नव्हतं, आणि तेही बरोबरच आहे; सगळं वरूनच सांगितलं तर गावाने करायचं काय?

समिती नेमली गेली. सरपंच हेमराज अध्यक्ष. हेमराज हा मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच हो म्हणून मोकळा होणारा माणूस. गावाचा विकास अशाच माणसांकडून होतो. सचिव आमचे ग्रामसेवक नवलसिंग, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. अतिशय सज्जन. त्यांनी आजवर कुणाचं काम अडवलेलं नाही. ते कोणत्या नियमाने अडलं आहे, तेवढं फक्त सांगतात. समितीत एक महिला, एक ज्येष्ठ नागरिक आणि एक निसर्गप्रेमी असावा, अशी अट होती. माझ्या एकटीत तिन्ही बसले आणि दोन खुर्च्यांची बचत झाली.

मग ग्रामसभा भरली. भाऊसाहेबांनी उभं राहून मुख्य अट वाचली. ज्या गावात करमणुकीचं साधन आधीपासून उपलब्ध आहे, ते गाव अनुदानास अपात्र.

माझी शेजारीण दगूबाई उठली. दगूबाई विधवा, मुलगा अमृत शेती बघतो, आणि मुलगी रंजिता तिकडे खापरला दिलेली. रंजिता तीन आखाज्या माहेरी आली नव्हती. दोन आखाज्या टाळेबंदीने खाल्ल्या, आणि तिसऱ्या वर्षी तिचे सासरे वारले म्हणून सण नव्हता. येणारी आखाजी दगूबाई कशी मोजत होती ते मी रोज भिंतीपलीकडून ऐकत होते.

"मंग आखाजीना झोका काय शेतस?" तिने विचारलं.

"ती परंपरा शे, काकू," हेमराज म्हणाला. "करमणूक नही."

"मंग त्यावर बठीसन आम्ही हासतस कसाले?"

हेमराजने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी परिपत्रकाकडे पाहिलं.

"हसणं हे साधन नाही, काकू," ते समजावून म्हणाले. "साधन म्हणजे पाया घातलेलं, टिकाऊ आणि रंगवलेलं."

"आनी तुमना बागमा झोका ऱ्हाई का?"

"एक नही, दोन!" हेमराज म्हणाला. "लोखंडना. लाल-पिवळा."

दगूबाईने विचार केला. दोराचा झोका दरवर्षी बांधावा लागतो, लोखंडाचा बाराही महिने असतो. रंजिताला लोखंडाच्या झोक्यावर बसवावं, असं तिच्या मनात आलं असणार, कारण पहिला हात तिनेच वर केला. त्यामागे सगळ्यांचे. माझाही. ठराव एकमताने मंजूर झाला: 'या गावात करमणुकीचे कोणतेही साधन पूर्वापार अस्तित्वात नाही व त्यावाचून ग्रामस्थांचे, विशेषतः महिलांचे, अतोनात हाल होत आहेत.' ठराव वाचल्यावर पहिल्यांदा आम्हाला आमच्या हालांची कल्पना आली. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

हेमराजने ही बातमी वर्तमानपत्रात दिली. 'करमणुकीवाचून होरपळणारं गाव' या मथळ्याखाली त्याचा हसरा फोटो आला. त्या बातमीचा अनुदान मिळायला उपयोग झाला, असं म्हणतात. ती खापरलाही पोचली, याकडे त्या वेळी कोणाचं लक्ष गेलं नाही.

हिवाळ्यात तांत्रिक सल्लागार आले. नम्र, तरुण, उन्हाचा चष्मा. माळ पाहायला लागू नये म्हणून त्यांनी नकाशा आधीच करून आणला होता. नकाशात नाला उत्तरेला होता आणि आमचा नाला दक्षिणेला आहे. सल्लागारांनी अर्धा मिनिट विचार केला आणि आमच्या नाल्यापुढे 'प्रस्तावित' असं लिहिलं. अशी निर्णयशक्ती आमच्या पिढीत नव्हती.

चालण्यासाठी गोल मार्ग करायचा ठरला तेव्हा सुकलाल नावाचा शेतकरी म्हणाला, "साहेब, मी रोज मळापावत चालस. जाताना एक कोस, येताना एक कोस."

"ते काम झालं," सल्लागार म्हणाले. "चालणं म्हणजे जिथून निघालात तिथेच परत यायचं."

"मी बी घरज येस, साहेब."

सल्लागारांनी याची नोंद 'ग्रामस्थांत आरोग्यविषयक जाणीव कमी' अशी घेतली.

मग झाडांकडे वळले. उद्यानात माणसं झाडाखाली बसणार. माणसं बसणार म्हणजे डोक्यावर फांदी पडू शकते. म्हणून माणसाच्या डोक्यावर येणारी प्रत्येक आडवी फांदी हा संभाव्य धोका. उभ्या फांदीपासून धोका नाही. (उभ्या फांदीला झोका बांधता येत नाही आणि तिची सावली स्वतःच्याच बुंध्यावर पडते, पण ती नियमात बसते.) चार दिवसांत माळावरची सगळी झाडं नियमात बसली. ती दुरून आता छत्री मिटून उभ्या असलेल्या माणसांसारखी दिसतात. फांद्या त्या वर्षीच्या होळीला गेल्या. इतकी मोठी होळी मी या गावात दुसरी पाहिलेली नाही. दगूबाईने होळीला नैवेद्य दाखवला आणि घरी येताना मला म्हणाली, "जाऊ दे वं माय, लोखंडना येई ऱ्हायनात ना."

मार्चअखेर उद्यान पूर्ण झालं. त्यात पुढील सोयी होत्या:

लोखंडी झोके, दोन (वय वर्षं तीन ते बारा, वजन पस्तीस किलोपर्यंत).

हिरवळ (पाय ठेवण्यास मनाई).

चालण्याचा गोल मार्ग. तो हिरवळीच्या मधोमध असल्यामुळे त्याच्यापर्यंत जायला हिरवळीवर पाय ठेवावा लागतो. यावर पुलाचा विचार चालू आहे.

बाकं सहा, भर उन्हात. सावलीतली जागा आधी ठरली होती, पण सावलीच नियमात बसल्यावर राहिली नाही.

तारेचं कुंपण, कुलूप, आणि 'माझं उद्यान, मीच राखीन' अशी पाटी.

आणि स्वागत कमान. बाकी कामाविषयी मी काही बोलत नाही, पण कमानीचं काम खरोखर पक्कं झालं. जाड सळई, घट्ट काँक्रीट, दोन बैल टांगले तरी हलणार नाही असं. कारण सरळ आहे, तिच्यावर नावं होती. उद्यानातली एवढी एकच वस्तू पडली असती तर कोणाला तरी वाईट वाटलं असतं.

उद्यानाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, म्हणजे ज्या वेळेत आमच्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कुत्रंही गोठ्याबाहेर पडत नाही. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बंद, कारण रखवालदारालाही करमणुकीचा हक्क आहे. रखवालदार म्हणून छगनला नेमलं. छगन पिढीजात माळावर शेळ्या चारायचा. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कोणावर लक्ष ठेवायचं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये दगूबाई झोके बघायला गेली. मी बरोबर होते. छगनने कुंपणाच्या आतूनच विचारलं, "काकू, कोन बठनार शे? वजन कितलं?"

"मन्ही रंजिता बठी. वजन तुले कसाले जोयजे?"

"पस्तीस किलोना वर चालस नही. पाटी वाची ल्या."

"छगन्या, तुन्हा लगीनमा मी वाढी ऱ्हायनथू, तवय तुन्हा वऱ्हाडीसनं वजन करं व्हतं का रे?"

छगनने मान खाली घातली, पण कुलूप काढलं नाही. नियम म्हणजे नियम. शिवाय किल्ली हेमराजकडे होती.

तरीही दगूबाईचा धीर सुटला नव्हता. झोका नसला तरी लेक येणार होती. झोक्याचं पुढे पाहता आलं असतं. आखाजीच्या आठवडाभर आधी अमृत मूळ घेऊन खापरला गेला. रंजिताची सासू गुलाबबाई ही बोलण्यात अतिशय न्यायी बाई. तिने अमृतला पाणी दिलं, चहा दिला, आणि वर्तमानपत्राचं ते कात्रण त्याच्यापुढे ठेवलं.

"तुमना गावनीज लिखी दिधं ना, आमनाकडे काहीच करमणूक नही म्हनीसन?"

"ते अनुदानसाठी व्हतं, मावशी."

"खोटं व्हतं का मंग?"

अमृत अडकला. खरं म्हणावं तर बहीण येत नाही, खोटं म्हणावं तर अनुदान जातं.

"झोका शेतस का, सांग," गुलाबबाई म्हणाली.

"शेतस... पन बारा वरीसना पोरीसले."

"मन्ही सून तीस वरीसनी शे. मंग ती तठे जाईसन काय करी? हाल भोगी?" आणि उठता उठता म्हणाली, "झोकावर बाईमानूस बठेल फोटू धाड. मंग धाडसू."

सासूच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एप्रिलचा महिना, पापड, कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट; अशा वेळी हाताखालची बाई चार दिवस सोडायची म्हणजे काही तरी पुरावा हवाच. ज्या गावाने स्वतःच आपल्याकडे आनंद नसल्याचं कळवलंय, त्या गावी सून पाठवणं हे बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.

अमृत एकटा परतला. दगूबाई रात्री जेवली नाही. सकाळी ती भाऊसाहेबांकडे गेली आणि गावात आखाजीचा झोका असतो असा दाखला मागितला. भाऊसाहेबांनी तिला खुर्ची दिली. असा दाखला दिला तर ठराव खोटा ठरतो, ठराव खोटा ठरला तर अनुदान परत जातं, आणि अनुदान परत गेलं तर झोके परत जातात. मग ज्या झोक्यांसाठी दाखला हवा ते झोकेच राहत नाहीत. दगूबाईला हे पटलं. भाऊसाहेबांचं सगळंच पटतं. तरी त्यांनी नियमावली पुन्हा चाळून तिच्यासाठी एक वाट काढली: बारा वर्षांखालील मुलाबरोबर एक पालक आत येऊ शकतो आणि मुलाला झोका देऊ शकतो.

"म्हंजे मन्ही पोर माहेर यीसन झोका दी," दगूबाई म्हणाली. "झोका दियाचंज काम ती तीन वरीसथीन करी ऱ्हायनी, भाऊसाहेब. सासूले, दीरले, नवराले. एक डाव तिले कोनी देवो, म्हनीसन त आखाजी ऱ्हास."

भाऊसाहेबांनी ही सूचना म्हणून नोंदवून घेतली.

घरी येताना आम्ही माळावरून आलो. दगूबाई एकेका झाडासमोर उभी राहून वर बघत होती. झाडं नियमात उभी होती. मग तिची नजर कमानीवर गेली आणि तिथेच थांबली. साऱ्या गावात जमिनीला समांतर आणि भरवशाची अशी एवढीच वस्तू उरली होती.

म्हसावदला हुकमीचंद शेठचं दुकान आहे. शेठच्या आजोबांनी मारवाडातून येऊन ते टाकलं, आणि नव्या नवरीच्या पहिल्या आखाजीचा दोर दुकानातून फुकट द्यायचा, ही रीत तेव्हापासून. दगूबाई संध्याकाळी तिथे गेली.

"दोर द्या, शेठ. जाड द्या."

"जाडच देतो, बाई. कशाला बांधायचा?"

"सरकारले."

शेठनी दोर मोजला नाही. आतून जतनबाई, त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अजून दोन हात सोडा. सरकार उंच असतं."

दुसऱ्या दिवशी अमृत शिडी घेऊन गेला. इथे कायद्याचा प्रश्न होता. पण नकाशाप्रमाणे कमान कुंपणाच्या दीड हात बाहेर येत होती, आणि छगनचं कार्यक्षेत्र कुंपणाच्या आत होतं. त्यामुळे कमानीला दोर बांधणाऱ्यास हटकण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिडी धरू नये असंही कुठे म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्याने शिडी धरली. दोर बांधून झाला. फोटोत बाईमाणूस हवं होतं. दगूबाईने कासोटा खोचला आणि सत्तरीला टेकलेली ती बाई झोक्यावर बसली. पहिला हेलकावा भीतभीत घेतला. तिसऱ्याला तिचे पाय कुंपणाच्या वरून आत गेले आणि परत आले. (आत गेले तेवढा वेळ त्या उद्यानात अधिकृतपणे माणूस होतं.) अमृतने फोटो काढून खापरला पाठवला. फोटोत खाली दगूबाई, वर कमानीवर योजनेचं नाव.

थोड्या वेळाने गुलाबबाईचा फोन आला. "कमान सरकारी शे का?"

"हो, मावशी."

"सही-शिक्कानी?"

"उद्घाटनना दगडबी लायेल शे."

दोराच्या झोक्याला गुलाबबाई नाही म्हणू शकली असती. पण सरकारी झोक्याला नाही म्हणायची तिची हिंमत होईना. "ये मंग लेवाले," ती म्हणाली.

रंजिता शुक्रवारी आली. शनिवारी आखाजी होती. त्याच दिवशी ईदची सार्वजनिक सुट्टी, म्हणून उद्यानाला कुलूप. कमानीच्या रुंदीत चार झोके बसले. गावातल्या सगळ्या लेकी तिथे आल्या, त्यांच्या आया आल्या, पत्ते घेऊन पुरुष आले आणि कमानीच्या खांबाच्या वीतभर सावलीत एकामागे एक ओळीने बसले. चौथ्या दिवशी, सोमवारी, पोरी निरोपाचे झोके घेत होत्या आणि रंजिता सगळ्यांत उंच जाऊन ओरडत होती, "मन्ही सासूले सांगा वं! आज रातपावत मन्हा फोन लागाव नही!" आणि नेमकी त्याच वेळी तपासणी पथकाची गाडी आली.

सोमवार असूनही उद्यान उघडलेलं नव्हतं; हेमराज खिशात किल्ली शोधू लागला. पथकात तिघे होते. त्यांनी आधी कुलूप पाहिलं, मग कुंपणातून आत पाहिलं. हिरवळीवर पाऊल उमटलेलं नव्हतं. गोल मार्गावर कोणी चाललेलं नव्हतं. लोखंडी झोक्यांचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. जमिनीची धूप शून्य, कारण मानवी वावर शून्य. पथकाच्या म्हणण्यानुसार इतकी काटेकोरपणे वाचवलेली जमीन त्यांनी विभागात दुसरी पाहिली नव्हती.

राहिला पहिला उद्देश. नियमाप्रमाणे उद्यानाचे लाभार्थी प्रवेशद्वारापाशी मोजायचे असतात. पथकाने प्रवेशद्वारापाशी डोकी मोजली. सगळं गाव तिथेच होतं. पत्तेवाले 'बैठे खेळ' या सदरात गेले, झोके 'लोकसहभागातून पूरक साधन' या सदरात, आणि रंजिता झोक्यावरून जे काही ओरडत होती ते 'लाभार्थींनी मोकळेपणाने मनोगत व्यक्त केले' या वाक्यात. करमणूक बाहेर, संवर्धन आत. परिपत्रकाला जे सुचलं नव्हतं ते बोरटेकने करून दाखवलं. संपूर्ण गुण देण्यात आले.

पुढच्या टप्प्यात योजनेत सुधारणा झाली. उद्यानावर होणारा खर्च अनावश्यक असल्याचं आमच्या उदाहरणावरून सिद्ध झाल्यामुळे, आता नव्या गावांना नुसतीच कमान मंजूर होते.

त्यानंतर कोणाचं काय झालं, ते थोडक्यात सांगते.

हेमराजला विभागीय समारंभात शाल मिळाली. तो आता गावोगाव जाऊन 'करमणूक नसलेलं गाव कसं घडवावं' यावर मार्गदर्शन करतो. त्याचं भाषण ऐकलेल्या गावांना ते साधायला वेळ लागत नाही.

भाऊसाहेबांची बदली वर मोलगीकडे झाली. चहूबाजूंनी सातपुडा, दऱ्या, झरे. तिथून त्यांनी पाठवलेल्या प्रस्तावात 'परिसरात डोंगर अथवा जंगल नैसर्गिकरीत्या आढळत नाही' असं नमूद केलं असून तो मंजुरीच्या वाटेवर आहे.

छगनच्या शेळ्या आता उद्यानाच्या आत चरतात. हिरवळ वाढली, गवत कापायचं यंत्र मंजूर झालं नाही, म्हणून पर्यायी व्यवस्था. माणसांना अजून मनाई आहे.

सुकलालला साखर निघाली. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं. तो रोज उद्यानापर्यंत जातो, कुलूप बघतो आणि परत येतो. आता ते चालणं धरलं जातं.

हुकमीचंद शेठ गेल्या वर्षी वारले. दुकान त्यांचा नातू बघतो. नव्या नवरीचा दोर अजून फुकट आहे, आणि जतनबाई अजून दोन हात जास्त सोडायला लावतात.

अमृतने काढलेला फोटो योजनेच्या भित्तिपत्रकावर आला. शहाद्याच्या बसस्थानकावर दगूबाई कासोटा खोचून हवेत आहे आणि खाली लिहिलंय, 'आता माझे हाल संपले'. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवल्यावर म्हणाली, "कोनतं हाल?"

गुलाबबाई २०२४ च्या आखाजीला, कमानीची खातरजमा करण्यासाठी, सुनेबरोबर स्वतः आली. तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता होती आणि नावं दिसू नयेत म्हणून कमान कापडाने गुंडाळलेली होती. गुलाबबाईने दोर ओढून पाहिला, मग झोक्यावर बसून पाहिला. पाहणी दिवेलागणीपर्यंत चालली. तिच्या स्वतःच्या माहेरी भाऊ उरला नाही म्हणून तिला बावीस-तेवीस वर्षं कोणी मूळ पाठवलं नव्हतं, हे तिने उतरल्यावर सांगितलं, आणि सुनेकडे न बघता सांगितलं. तेव्हापासून ती फोटो मागत नाही.

फोटो आता ग्रामपंचायत मागते. कमानीखाली गर्दी वाढल्यामुळे नवीन पाटी लागली आहे: 'झुलण्याची परवानगी फक्त विवाहित व या गावी माहेर असलेल्या महिलांना. माहेर असल्याचा दाखला आवश्यक.' दाखल्याला दोन फोटो, आईची आणि भावाची सही, आणि सासरच्यांची हरकत नसल्याचं पत्र लागतं. रंजिताच्या चार दिवसांतला पहिला दिवस त्या रांगेत जातो. उरलेले तीन ती झोक्यावर असते. दगूबाई म्हणते, तीन त तीन.

वाचकांपैकी काहींना आमच्या ग्रामपंचायतीचं हसू आलं असेल, काहींना गुलाबबाईचा आधी राग येऊन मग कणव आली असेल. दोन्ही चांगल्या मनाची लक्षणं आहेत. आता फक्त एवढं आठवून पाहा की तुमच्या घरातली सून मागच्या वेळी माहेरी गेली ती कधी, आणि 'जाऊ का?' म्हणाल्यावर तिला तुम्ही काय काय विचारलंत. आठवत नसेल तर तिला हाक मारून विचारा. मात्र आत्ताच नको. ती तुमचा चहा टाकते आहे.